स्वस्त तारखा

आईची बालमैत्रीण सुमन लग्न होऊन कोलकात्याला गेली, त्याला चाळीस वर्षं झाली. आईला तिच्याकडे न्यायचं म्हणून मी सकाळपासून मोबाइलवर तारखा शोधत होते. मुलांना सुट्टी दिवाळीत, तेव्हा विमानाचं भाडं दुप्पट. दुर्गापूजेत तिथली हॉटेलं भरलेली. जानेवारीत भाडं उतरतं, पण मला रजा नाही. सगळ्यांना एकाच आठवड्यात मोकळं सोडायचं आणि त्याच आठवड्यात लुटायचं, हा कुठला न्याय?

"पुढच्या वर्षी बघू," मी वैतागून म्हणाले.

गुडघ्याला तेल चोळणारा आईचा हात थांबला. "गेल्या वर्षीही हेच म्हणालीस. सुमनला आता फोनवर माझा आवाज ओळखायला वेळ लागतो."

मी दिवाळीचीच तिकिटं काढली. राग मात्र आता भाड्याचा नव्हता, माझाच होता.