एका ओळीचा क्लास

आजही कॉम्प्युटरच्या प्रोग्राममध्ये एका ओळीचा क्लास, म्हणजे माहितीचा साचा, लिहिला की मागं कुणीतरी बाई उभी आहे असं वाटतं. मी मान वळवत नाही. भीती वाटते.

तेव्हा मला माझ्या हुशारीची भारी मस्ती होती. वर्ध्याजवळच्या एका लहानशा दवाखान्यासाठी मी तपासण्यांच्या रिपोर्टांचा प्रोग्राम लिहीत होतो. प्रोग्रामिंगच्या जुन्या भाषेत एका रुग्णाची माहिती ठेवायला पानभर क्लास लागे, नव्या भाषेत एक ओळ पुरे. नाव, गाव, वय, नवऱ्याचं नाव. सगळे रकाने जुळले, की दोन नोंदी एकच, असं ती भाषा आपणहून धरून चाले. डॉक्टरांना तेच हवं होतं, कारण केसपेपर हरवून बाया दरवेळी नवीन नोंद करत.

पण नवऱ्याचं नाव एक बाई घेईल तर शपथ! "कसं घेऊ बाप्पा?" म्हणून पदर तोंडाला. रकाना रिकामाच राही. मी वैतागून तो उडवून टाकला. ओळ आणखी आखूड झाली आणि मी गाढव खूश झालो.

एका दुपारी मी खिडकीपाशी बसलो असताना गिरडकडची एक बाई आली. छातीतल्या गाठीचा रिपोर्ट हवा होता. वय विचारलं तर सगळ्या बाया देत तेच उत्तर, "असन चाळीसेक." पडद्यावर गाठ साधी असल्याचं दिसलं. मीच वाचून दाखवलं.

"खरंच ना रे बाबू?"

"अवं मावशी, बिनघोर जा."

तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली आणि पदराच्या ओट्यातली बोरं टेबलावर ओतली.

पाच-सहा महिन्यांनी कपाटातले कागद लावताना दोन रिपोर्ट हाती आले. नाव तेच, गाव तेच, वय चाळीस, तपासणीची तारीखही तीच. एकीची गाठ साधी, दुसरीला कॅन्सर. प्रोग्रामनं दोघींची एक बाई करून दुसरा रिपोर्ट टाकून दिला होता. मिळाली ती एसटी पकडली.

गावात पहिल्या घरी त्या नावाची बाई तूर पाखडत होती. ही ती बोरंवाली नव्हती.

दुसऱ्या घरी नवरा एकटाच होता. ती पंधरा दिवसांमागं गेली होती.

"तुमी दवाखान्यातले ना?" तो म्हणाला. "गाठ साधी हाय म्हणून तिनं गावभर साखर वाटली. मंग काऊन गेली?"

मी म्हणालो, "माहीत नाही."

"लंबून आले तुमी," म्हणत त्यानं चुलीवर चहा ठेवला. मी तो पिऊन परत आलो.