सुनंचं काढा परत!

ओपीडीत औषधं एक्स्पायर होतात, किस्से होत नाहीत. मी लहान मुलांची हार्टची डॉक्टर. आमच्या संभाजीनगरात हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "लहान मुलांना कसला आलाय हार्टचा त्रास?"

*

लोकांचं सोडा. छावणी भागातल्या एका ज्येष्ठ डॉक्टरांना मी फोन केला, "सर, बाळ मधेच निपचित पडतं. फिटचं औषध देण्याआधी ईसीजी काढलात का?"

"तान्ह्या बाळाचा ईसीजी? का, सिगारेट ओढतं का ते?"

सर स्वतःच्याच विनोदावर बराच वेळ हसले. फिट नव्हतीच, बाळाचे ठोके बिघडत होते.

*

बजाजनगरचे एक इंजिनिअर बाबा. मी ईसीजी म्हणताच त्यांनी दुपटं बाजूला केलं. बाळाच्या मांडीला स्वतःचं स्मार्टवॉच बांधलेलं!

"मॅडम, सगळं नॉर्मल दाखवतंय. पावलंसुद्धा मोजतंय!"

बाळ अजून कुशीवरही वळत नव्हतं.

*

सोयगावची एक आजी सुनेला पुढं ढकलतच आत आली. सुनेच्या कडेवर तान्ही मुलगी. आधीची दोन बाळं झोपेतच गेलेली.

"हीच पांढऱ्या पायाची! पोरासाठी दुसरी बघायला लागलोय आमी," आजी भर ओपीडीत म्हणाली. सून मान खाली घालून उभी. माझं डोकंच फिरलं.

मुलीचा ईसीजी काढला. ठोक्यांचा जन्मजात दोष, रक्तातून आलेला. औषध रोज वेळेवर दिलं तर पोर वाचण्याची आशा, चुकवलं तर झोपेत दगा.

"आज अमावस्या हाय. उतरली की करू सुरू," आजी म्हणाली.

"आजी, काळजाला कॅलेंडर वाचता येत नाही!" म्हणत मी पहिला डोस तिथंच पाजला.

*

असा दोष सापडला की आम्ही अख्ख्या घराचा ईसीजी काढतो. पुढच्या खेपेला सगळे आले. सुनेचा चोख निघाला, नवऱ्याचा बिघडलेला. आजी टेबलावर चढेना.

"मला काय धाड भरलीय?"

सासऱ्यांनी दटावलं तेव्हा चढली. तिच्या पट्टीवर तोच दोष, मुलापेक्षाही ठळक!

"आजी, हे तुमच्याकडून मुलाला आलं, मुलाकडून नातीला."

"मशीन बिघडलंय! सुनंचं काढा परत."

परत काढला. परत चोख.

सुनेनं लेकीला औषध पाजलं, तिचं तोंड पुसलं आणि पहिल्यांदाच मान वर केली. सासऱ्यांना म्हणाली,

"मामा, तुमच्यासाठी बी दुसरी बघायची का?"