बाजारानंतरचा शुक्रवार

एसटीत कुणाच्या पोत्यातून मेथीचा ओला वास आला, की मला होस्टेलची मुलाखत आठवते. बारावीनंतरची गोष्ट. मंगळवारी मी अंगणात मेथीच्या जुड्या बांधत होते, तेव्हा बुलडाण्याच्या कॉलेजातून मॅडमचा फोन आला. त्या भराभर इंग्रजीत बोलल्या. मुलाखत ‘नेक्स्ट फ्रायडे’ला आहे, एवढं समजलं; पुन्हा विचारायचा धीर झाला नाही. आमच्या गावात बाजार रविवारी भरतो आणि आठवडा बाजारालाच बदलतो. बाबा म्हणाले, “हा शुक्रवार तं याच हप्त्यातला हाय. नेक्स्ट म्हंजे बाजार झाल्यावरचा.” मलाही ते पटलं. बाजारानंतरच्या शुक्रवारी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून माझ्यासोबत आले. खिडकीतला क्लार्क म्हणाला, “काका, मुलाखती मागच्या शुक्रवारीच झाल्या. जागा भरल्या. झोपले होते काय?” बाबा चाचरत म्हणाले, “साहेब, पोरीले नेक्स्ट सांगतलं होतं.” “मंग तोच नेक्स्ट होता ना! एवढं इंग्रजी समजत नाही अन् पोरीले सायन्सले टाकता?” मागच्या रांगेतले हसले. बाबांनी त्याला हात जोडले, तरी तो पुढच्या माणसाशी बोलू लागला. आता मी दुसऱ्या वर्षाला आहे, रोज दोन गाड्या बदलून ये-जा करते. कॉलेजचा फोन आला की बाबा उठून गोठ्याकडे जातात. काही विचारलं तर म्हणतात, “मले काय समजते त्यातलं? तूच पाह्य.”