बर्फातली दोघं

समोरच्याची बोलती बंद करण्यात आमच्या काकूजींचा हात धरणारं माणूस अख्ख्या विदर्भात सापडायचं नाही. काकूजी म्हणजे माझ्या नवऱ्याच्या सख्ख्या काकू. राहतात उमरेडला, पण न कळवता एसटीत बसून आमच्या नागपूरच्या नंदनवन वस्तीतल्या फ्लॅटवर कधी उगवतील याचा नेम नाही. लग्नाला इतकी वर्षं होऊनही आमच्या घरात पाळणा हलला नाही, हा विषय बाकीचे नातेवाईक आडून आडून काढत. काकूजींनी तो एका लग्नाच्या भर पंगतीत, वाढपी जिलबी घेऊन समोर उभा असताना काढला. "दोष कोनात हाये? तुह्यात का याच्यात?" नवऱ्याने वरणभातात मान घातली. मला ताटासकट जमिनीत जावंसं वाटलं.

पुढे आम्ही टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार सुरू केले. डॉक्टरांनी गर्भ आत सोडला, एवढंच नवऱ्याने काकूजींना फोनवर सांगितलं. त्यांच्या हिशेबी सोडला म्हणजे राहिला. पंधरवड्याने रिपोर्ट आला, गर्भ राहिला नव्हता. मी भिंतीकडे बघत बसले होते, तोच काकूजी हिरवी साडी, नारळ आणि दोन शेजारणींसह दारात हजर. खरं काय ते ऐकलं आणि त्या पायरीवरच बसल्या. शेजारणींना चहासुद्धा कोणी विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला ओढत डॉक्टरीणबाईंकडे नेलं. "एकदा हुकलं म्हंजे संपलं का?" बाई शांतपणे म्हणाल्या, पहिल्यांदा अपयश आलं म्हणून वाट बंद होत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला दिवस गेलेल्या बऱ्याच जणी आहेत. वयावर, गर्भाच्या प्रतीवर बरंच अवलंबून असतं, खात्री मात्र कोणी देऊ शकत नाही. "आणि यांचे दोन गर्भ आम्ही गोठवून ठेवलेत."

काकूजींचा चेहरा पांढराफटक पडला. "गोठवून? आमची दोन लेकरं तुमी बर्फात ठेवली? आन मी तिकडं उमरेडले गोधडी घेऊन झोपून राहिली?"

तेव्हापासून नागपूरला आल्या की दवाखान्यात डोकावल्याशिवाय त्या परत जात नाहीत. काउंटरवरच्या मुलीला विचारतात, "लाइन गेली तं त्यायचं काय करता वं?" गर्भ द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत असतात, तिला वीज लागत नाही, हे तिने हात जोडून सांगितलं. काकूजींना ते पटलेलं नाही.

मी मात्र पुन्हा जायचं नाही, असं ठरवून टाकलं होतं. त्या सुया आणि तो वाट बघण्याचा पंधरवडा मला आता झेपत नव्हता. काकूजींना हे सांगायची तर भीतीच वाटत होती. परवा गवार निवडता निवडता एकदाचं सांगितलं. त्या शेंगा मोडत राहिल्या. मग म्हणाल्या, "नको जाऊ मंग. तेवढ्यासाठी थोडीच आनलं तुले या घरात."

हे मला आजवर कोणीच म्हटलं नव्हतं, माझ्या आईनेही नाही. मी ढसाढसा रडले आणि त्यांनी मला रडू दिलं. त्यानंतर कोण जाणे कशी, भीती निम्मी झाली.

पुढच्या महिन्यात मी जाणार आहे. राहील की नाही, देव जाणे. नाही राहिलं, तर त्या दिवशी कोणाजवळ जाऊन बसायचं, ते मात्र ठरलेलं आहे.