माय अशी कामून झाली

पाटलानं पायातली चप्पल काढली, माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "हाण तुझ्या मायला."

मी अकरा वर्षांची होते. गढीसमोरच्या लिंबाला माझी माय बांधलेली होती. बैलाच्या दाव्यानं. भोवती अर्धं गाव जमलं होतं. हुमनाबादपासून दोन कोसांवरचं आमचं गाव. आमची घरं वेशीबाहेर. गढीसमोर उभं राहायचं ते फक्त वेठीच्या कामाला. त्या दिवशी मात्र मला आणि अप्पाला, माझ्या बापाला, मुद्दाम बोलावून आणलं होतं.

माय आठ दिवस झोपली नव्हती. तिचं असं वर्षातून एकदोनदा व्हायचं. डोळे लकाकायचे. दळण संपलं तरी जातं फिरवत राहायची. मराठीत धरलेलं गाणं कानडीत संपवायची. मडक्यातली ज्वारी येणाऱ्याजाणाऱ्याच्या ओटीत घालायची आणि आम्ही उपाशी. मग एक दिवस सगळं विझायचं. भिंतीकडं तोंड करून महिना महिना पडून राहायची. मी भाकर मोडून ओठाशी धरली तरी तोंड उघडायची नाही. वस्तीतले म्हणायचे, देवी येते आणि जाते. गाव म्हणायचं, येडी.

त्या सकाळी ती थेट गढीच्या दरवाजात गेली आणि ओरडायला लागली, "पेव उघडा! आत पोरगी हाय! मरायलीय ती!"

पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेली धान्याची कोठी. वर दगड ठेवून तोंड बंद करतात. गढीत अशी चार पेवं होती. आत पोरगी कुठली असणार? लोक हसले. गड्यांनी मायला धरलं.

पाटील म्हणाला, "भूत परक्याच्या हातानं उतरत न्हाई. पोटच्या पोरीनंच हाणावं लागतं."

मी अप्पाकडं बघितलं. अप्पा मातीकडं बघत होता.

मी हाणलं. एकदा. हळूच.

"सकाळी जेवली न्हाईस का गं?" पाटील म्हणाला. परत हसणं.

तेव्हा मायनं मान माझ्याकडं वळवली. तिच्या डोळ्यांत येड नव्हतं. अगदी दबक्या आवाजात म्हणाली, "जोरात मार बाई. पाटील बघायलाय."

मग मी जोरात मारलं. मारत राहिले. चपलेचा खिळा लागून तिच्या गालातून रक्त आलं, तेव्हा पाटलानं हात वर केला. मी चप्पल माझ्या परकराला पुसली आणि त्याच्या पायाशी ठेवली. पूस म्हणून मला कुणी सांगितलं नव्हतं. ते मी आपणहून केलं. मारलं ते त्याच्या हुकमानं. पण ते पुसणं माझं होतं. ते अजून मला जाळतं.

माय घरी आली आणि विझली. सुगी गेली, शिमगा गेला, ती उठली नाही. मला वाटायचं, हे माझ्यामुळं.

उन्हाळ्यात संतपूरहून मावशी आली. मायची थोरली बहीण. मायचं डोकं मांडीवर घेऊन ती जटा सोडवत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं. पेवाचं ऐकल्यावर तिचा हात थांबला.

"ती पोरगी म्हंजी हीच की," मावशी म्हणाली. "सात वर्षांची आसताना हिला गढीत वेठीला लावली. हिनं गुळाचा खडा तोंडात टाकला. आताच्या पाटलाच्या बापानं बघितलं. दोर बांधून पेवात सोडली अन् वर दगड लावला. सकाळी सोडलेली, दिवस मावळताना काढली. आतली हवा कसली आसती, ठाव हाय का? गडी बी पेव उघडून दिवसभर थांबतेत अन् मग उतरतेत. ही जगली कशी, देवच जाणे. दोन वर्सं बोलली न्हाई."

"म्हणून ती आशी झाली?" मी विचारलं.

मावशीनं परत एक जट हातात घेतली. मग म्हणाली, "आमची माय बी आशीच व्हती. महिनाभर नाचायची, महिनाभर पडायची. तिला कुणी पेवात घातलं नव्हतं. तिनं हिरीत जीव दिला. मी तिच्याच पोटची. मला काई झालं न्हाई. हिला झालं. कामून? मला न्हाई सांगता येत."

त्याच उन्हाळ्यात अप्पानं मायला गाडीत घालून बिदरच्या दवाखान्यात नेलं. मी सोबत होते. डॉक्टर उर्दू बोलणारे, म्हातारे, शांत. त्यांनी मायची नाडी बघितली, पापण्या वर करून बघितल्या. मग अप्पाला विचारलं, "खानदान में और किसी को ऐसा था?"

अप्पा म्हणाला, "न्हाई साहेब."

"बचपन में कोई सदमा? मारपीट?"

अप्पानं माझ्याकडं बघितलं. माझं लग्न त्याच्या डोळ्यांपुढं होतं. आणि पाटील होता. दवाखान्यात बोललेलं गावात पोचतं.

"न्हाई साहेब. काईच न्हाई."

मला सगळं ठाऊक होतं. मी तोंड उघडलं नाही. डॉक्टरांनी झोपेचं औषध दिलं. माय त्या औषधानं झोपायची आणि उठली की तशीच असायची. तीन वर्षांनी, अशाच एका पडलेल्या महिन्यात, अन्न न घेता गेली. मला बोलावणं आलं तेव्हा मी सासरी होते. पोचेपर्यंत माती झाली होती.

सासर औरादकडचं. तिथं कुणालाच काही सांगितलेलं नव्हतं. मुलगी झाली आणि दोन महिन्यांनी माझी झोप गेली. आधी मला वाटलं, किती बरं वाटायलंय. सगळं सोपं वाटायचं. मी शेजारणींना हसवायचे, अंगण चारचारदा सारवायचे. एक दिवस भरल्या रस्त्यात मी माझंच लुगडं फाडून वाटायला लागले. ते करताना मला कळत होतं. मायला असंच व्हायचं, हे कळत होतं. हात थांबत नव्हते. नंतर मी पडले. पोरगी शेजारी रडायची आणि तिला घ्यायला हात उचलत नव्हता.

सासू माझ्या अंगावर ओरडली नाही. अप्पाला बोलावलं आणि एवढंच म्हणाली, "फसवलात आमाला."

तिचं खरं होतं. मी पोरीला घेऊन परत वेशीबाहेरच्या त्याच घरात आले. नवऱ्यानं दुसरी केली.

पोरगी सात वर्षांची झाली आणि गढीतून सांगावा आला. पोर वेठीला पाठव. मी पाठवली नाही. परत सांगावा आला. मग मला बोलावलं. पाटील ओसरीवर बसला होता. आता केस पिकले होते.

"पोर कामून पाठवत न्हाईस?"

"न्हाई पाठवणार."

"येडीची पोर येडी," तो भोवतालच्या लोकांना म्हणाला. "ह्यांच्या रगतातच हाय."

मी बोलले. "रगतात आसंल, मालक. माझी आजी तशी व्हती. पण माझ्या मायला सात वर्सांची आसताना तुमच्या बापानं पेवात कोंडली. ते रगतात नव्हतं. ते तुमच्या घरानं केलं. माझी पोर ह्या दारात येणार न्हाई."

कुणी हसलं नाही. मला दारातून हाकलून दिलं. दुसऱ्या दिवशी गड्यांनी आमच्या घराचं छप्पर ओढून काढलं आणि अप्पाला काठीनं मारलं. बोलले मी, मार त्यानं खाल्ला. मी पोरीला पाठीशी बांधून चालत निघाले. अप्पा आला नाही. दोन महिन्यांनी तो गेल्याचं कळलं.

गुलबर्ग्यात मी डाळीच्या गिरणीत तूर पाखडते. आजार गेलेला नाही. वर्षातले दोन महिने उठवत नाही, मग काम जातं, मग परत गिरणीच्या दारात उभी राहते. तिथल्या डॉक्टरनं विचारलं तेव्हा मी सगळं सांगितलं. आजी, माय, पेव, चप्पल, मी. त्यांनी लिहून घेतलं. म्हणाले, "थोड़ा खून से आता है, थोड़ा बचपन की मार से. कितना किससे, ये मैं नहीं बता सकता."

कुणालाच सांगता येत नाही. पण त्यांनी लिहून घेतलेलं तरी खरं आहे.

निजामाचं राज्य गेलं तेव्हा गुलबर्ग्यात मिरवणुका निघाल्या. मी भिंतीकडं तोंड करून पडले होते. बाहेरचा गलका ऐकू यायचा.

परवा पोरीला बघायला पाहुणे आले. तिनं गुळाचा चहा दिला. मी त्यांना आधीच सांगितलं. हिची पणजी, हिची आजी, मी. तिघींना झालं. हिला होईल का न्हाई, ठाव न्हाई. कप तसेच ठेवून ते उठले.

पोरगी रडली. "कामून सांगितलीस?"

"मायचं लपवून मला सासरी दिली व्हती," मी म्हटलं. "तुला लपवणार न्हाई. तुला कवा काई झालंच तर तुज्या घरात ठाव आसलं पाहिजे. मारून ते जात न्हाई, हे बी ठाव आसलं पाहिजे."

ती माझ्याशी अजून बोलत नाही. मंगळवारी दुसरे पाहुणे येणार आहेत. त्यांनाही सांगणार आहे.