दसऱ्याला न्हालेली गाडी

आमच्या धाकट्या दिरांना गाडीतलं सगळं कळतं. विचारून बघा, तेच सांगतील. न विचारताही सांगतील.

दसऱ्याच्या सकाळी पारनेरच्या आमच्या अंगणात पूजेआधी यंत्रांची आंघोळ असते. ट्रॅक्टर झाला, मोटारसायकली झाल्या, शेवटी माझी जुनी पेट्रोलची गाडी. भाऊजींनी बोनेट उघडलं आणि ट्रॅक्टर धुवायच्या पंपाची धार थेट इंजिनावर धरली.

"अहो भाऊजी, तिथं वायरी आहेत!" मी पायरीवरून ओरडले.

"वैनी, देवाचं काम हाय. आतून-बाहेरून सोच्छ पायजे."

मग हळद-कुंकू, झेंडूचा हार. गाडी नवरीसारखी नटली. दुसऱ्या दिवशी चावी फिरवली, तर थरथरायलाच लागली. वेग द्यावा तर आचके देई, आणि समोर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा उघडझाप करत होता.

मला रविवारी राजूरला जायचं होतं. तिथं माझी आई एकटी असते. एसटीनं जायचं तर आळेफाटा, संगमनेर, अकोले अशा गाड्या बदलत निम्मा दिवस जातो, आणि मी पडले शाळामास्तरीण, सुट्टी एका दिवसाची. गाडी गेली की माझं आईकडं जाणं गेलं. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण तोंडातून शब्द कुणी काढेल तर शपथ.

भाऊजींचं निदान मात्र जोरात सुरू झालं. आधी म्हणाले, पेट्रोलात भेसळ आहे. मग म्हणाले, नजर लागली, आणि पुढं लिंबू-मिरची बांधली. रोग रेड्याला अन् औषध पखालीला! मग बॅटरीची वायर काढून परत लावली, तसा दिवा गेला.

"बघा, झाली का न्हाई नीट?" छाती अशी फुगली की शर्टाची बटणं तुटायची बाकी राहिली.

गाडी वेशीपर्यंत पोचली नाही तोच दिवा परत लुकलुकला. तर या शहाण्यानं त्या दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली. कपाळ माझं! उद्या ताप आला तर हे थर्मामीटर माळ्यावर टाकतील आणि पेशंट बरा झाला म्हणून पेढे वाटतील.

पट्टीनं गाडी सुधारेना, तेव्हा शनिवारी निकाल लागला. "इंजिनच बसलंय, वैनी. इकून टाका. उद्या माझा मित्र येतोय बघायला."

मी नवऱ्याकडं पाहिलं. हे बशीत चहा ओतत म्हणाले, "तो म्हणतोय तर बघू." यांचा सगळा संसार 'बघू'वर चाललाय. बशी हिसकावून अंगणात फेकावी इतका संताप आला मला.

माझे वडील राजूर-अकोले जीप चालवायचे. इंजिन अडखळलं की ते चालू इंजिनातच एकेका सिलिंडरचं काम थांबवून बघायचे. म्हणायचे, "ज्याला गप केल्यावर बी काही फरक पडत न्हाई, तो आधीच गप हाय. तोच चोर." रविवारी सकाळी, तो मित्र यायच्या आत, मी पदर खोचला आणि बोनेट उघडलं. इंजिन चालू ठेवून स्पार्क प्लगला वीज पुरवणाऱ्या कॉइलांची एकेक पिन काढून परत लावत गेले. पहिली काढली, इंजिन बंद पडायला आलं. दुसरीचं तेच. तिसरी काढली, ढिम्म! काही फरक नाही.

इंजिन बंद करून ती कॉइल उपसली. खाली प्लगच्या खड्ड्यात पाणी साचलेलं. दसऱ्याचं पवित्र पाणी! जुन्या लुगड्याच्या चिंधीनं टिपून काढलं, प्लग-कॉइल कोरडे करून बसवले, चावी फिरवली. गाडी एका सुरात चालू झाली. दिव्यावरची पट्टी टरकन ओढली. दिवा होता अजून, पण लुकलुकणं थांबलं होतं. त्याची खात्री पटली की तो आपणहून जाणार होता.

आवाज ऐकून भाऊजी टॉवेलावरच बाहेर आले. "म्हनलं न्हवतं? लिंबाचा गुन आला!"

"येऊ द्या तुमच्या मित्राला," मी म्हणाले. "लिंबू न्या म्हणावं घरी." आणि निघाले.

राजूरला पोचले तेव्हा आई उंबऱ्यात बसलेली. मी आत जाऊन हात धुतले. चुलीपाशी टोपलीत भाकरी झाकलेल्या, दोन ताटं मांडलेली.

"तुझ्या दिराचा फोन आल्ता काल," आई म्हणाली. "गाडी कामातनं गेली, इकायला काढली. आता वैनींचं येनं काय व्हायचं न्हाई, म्हनला."

मी ताटांकडं पाहिलं. "मग ही दोन ताटं कुणाची गं?"

आईनं भाकरी माझ्या ताटात टाकली. "त्याला काय कळतंय गाडीतलं?"