मामीसाठी लावलेला गिझर

मले शाळा लाभली नाई. मी बी शाळेले लाभलो नाई, पन तिकडून काही तक्रार आली नाई. मले दोनच कामं येतात. एक, फवारनीचा पंप दुरुस्त करनं. आमच्या आंजी गावात कोनाच्या बी पंपाचं वायसर गेलं, नोझल अडकलं, त तो पंप पाठीवर घेऊन माह्याच दारात येते. दुसरं काम, लोकाईले हसवनं. त्यात बी मी माहीच फजिती सांगतो. दुसऱ्याची सांगितली त मार पडते, आन माह्या फजितीचा माल काही सरत नाई.

पन घरात मले इज्जत नाई. मी गोष्ट सुरू केली का बायको उठून भांडे घासाले बसते. "बैलाची सांगून राह्यले ना? मंग तो बैल लग्नाच्या मांडवात घुसते. झालं." असा शेवटच आधी सांगून टाकते.

माह्या गोष्टीले मनापासून हसनारं मानूस एकच, माही सासू. मी तिले मामी म्हनतो. नाचनगावले एकटी राह्यते, पन थंडीत तिचे गुडघे धरतात, म्हनून दिवायी झाली का संक्रांतीपर्यंत लेकीकडे येते. मामी हसाले लागली का पयले आवाजच येत नाई, नुसतं पोट हालते. मंग पदर तोंडाले जाते. मंग डोये पुसते आन म्हनते, "पुरे जवाईबुवा, मरतो मी." त्या एका वाक्यासाठी मी वर्षभर गोष्टी जमा करून ठेवो.

आन मांगच्या थंडीत ती माह्या साडभावाकडे गेली.

साडभाऊ म्हनजे बायकोच्या मोठ्या बहिनीचा नवरा. हिंगनघाटले कापसाच्या जिनिंगात वजनकाट्यावर बसते. मानूस चांगला हाये, हेच त दुखनं हाये. वाईट असता त मले किती सोपं झालं असतं. इस्त्रीचा शर्ट, हळू बोलनं, आन हसू बी काट्यावर तोलून देते. जन्मात त्यानं एक गंमत केली नाई. पन त्यानं न्हानीत गिझर लावला, आन मामी सारी थंडी तिकडेच राह्यली.

बायकोले फोनवर सांगे, "नळ फिरवला का गरम पानी येते, बाई. धूर नाई, फुकनी नाई, चुलीसाठी पऱ्हाटी मोडा नाई." फोन स्पीकरवर राहे. मी गोठ्यात चारा टाकत आयकत राहो आन आतल्या आत जळो. माह्या चुलीवर पानी ठेवाची गरजच नव्हती, मलेच त्या पान्याच्या गंजाखाली लावलं असतं तरी उकयलं असतं.

एक डाव मी बायकोले इचारलं, "मामी तिकडे हसते का वो?"

"गुडघे दुखत नाई म्हने."

"ते नाई इचारलं. हसते का?"

बायकोनं हातातलं काम ठेवलं. "अवो, तुमी भाऊजीवर जळून राह्यले का?"

"भाऊजीवर काऊन जळू? गिझरावर जळून राह्यलो."

खरं सांगतो, दोघाईवर जळत होतो.

यंदा दिवायीच्या आधी वर्ध्याले एक जुना लॉज पाडून राह्यले होते. तिथून मी एक गिझर आनला. नळाचा मिस्त्री म्हने, आठ दिसानं येतो. मी म्हनलं, तू नको येऊ. पंपात बी पानी, गिझरात बी पानी. एक पाठीवर राह्यते, एक भितीवर. फरक काय हाये? करंटचं काम तेवढं वायरमनकडून करून घेतलं. मी येडा हाये, पन मले जगाचं हाये.

पयल्या दिवशी बायको आंग धुवाले गेली. थोड्या टाईमानं आतून आवाज आला, "अवो! डोक्यावर उन्हाळा न पायावर हिवाळा! हे काय लावलं तुमी?"

झालं असं का, थंड पान्याची नळी मी गरमच्या तोंडाले जोडली होती आन गरमची थंडच्या. तिथं एक निळा ठिपका राह्यते, एक लाल, पन जुन्या गिझराचे दोन्ही रंग उडले होते. मी आपल्या अंदाजानं जोडलं. माह्या अंदाजानं मी लग्नाच्या दिवशी बी दुसऱ्याच मांडवात जाऊन बसलो होतो. नळ्या अदलाबदल केल्या.

मंग पानी कोमटच्या वर जाईना, आन आतून डाळ शिजल्यावानी खदखद आवाज येई. आमच्या बोरचं पानी खारं. लॉजवाल्याचं बी तसंच असीन. बटन बंद केलं, वायर काढली, टाकी रिकामी केली आन खालचं झाकन खोललं. त पानी तापवाच्या सळईवर चुन्याचा असा जाड थर, जसा भितीले पोतारा द्यावा. सळई काय तापीन? तिनं सोताच स्वेटर घातलं होतं. खरवडून काढलं, पुन्हा बसवलं, टाकी पुरी भरू देली आन मंगच बटन दाबलं.

त्या दिवशी बायको न्हानीतून बाहेर आली, केस पुसत म्हने, "आलं बाई गरम." माह्या संसारात एवढी तारीफ मी पयल्यांदा आयकली.

मी मामीले सोताच फोन लावला. "मामी, यंदा इकडे या. गिझर लावला."

"कोनी लावला?"

"मीच."

 मंग मामी म्हने, "येऊन पाहतो. पानी बरोबर असीन त राह्यतो. नाई त मोठीकडे जातो. मोठे जवाई आनून सोडतात मले."

म्हनजे परीक्षा. आन वरून साडभाऊ समोर.

ते येनार त्याच्या आदल्या दिवशी गिझर टपकाले लागला. पानी तापलं का खालच्या वालमधून टप, टप, टप. मले वाटे, हा आवाज हिंगनघाटपर्यंत जाऊन राह्यला, आन साडभाऊ काट्यावर बसून आयकून राह्यला. आता आमच्याकडे पंप कुठून बी गळला का एकच इलाज, सायकलच्या ट्यूबची पट्टी कापाची न कसून गुंडायाची. मी तेच केलं. वालच्या तोंडावर पट्टी ओढून असी बांधली का थेंब बंद. दोन डाव जाऊन पाह्यलं. माही मलेच नजर लागीन असं काम झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकायी साडभावाची गाडी दारात आली. सुट्टीच्या दिवशी तो हिंगनघाटवरून नाचनगावले गेला, तिथून मामीले मांगं बसवून हळूहळू आनलं. मी बी जाऊ शकत होतो आनाले. पन मी ट्यूब कापून राह्यलो होतो.

मामी उतरली. तिची पिशवी मात्र गाडीच्या हँडललेच राह्यली. मी काढाले गेलो, त म्हने, "राहू द्या जवाईबुवा. पयले आंग धुऊन पाहतो."

मी गिझरचं बटन दाबलं. चहा आला. मी बैलाची गोष्ट काढली. बैल अजून मांडवाजवय बी पोचला नव्हता, त न्हानीतून आवाज आला, सूंऽऽऽ. मी वळखला. पंपाले जास्त हवा मारली का तो असाच सुसकारा सोडते.

साडभावानं कप खाली ठेवला, न्हानीत गेला आन पयले बटन बंद केलं. मंग वर पाह्यलं. "साडभाऊ, ही पट्टी कायची?"

"टपकत होतं."

"तो वाल टपकाचाच असते. पानी तापलं का फुगते, जास्तीचं तिथून निंगून जाते. तोंड बांधलं त टाकी फुटीन." मंग आवाज खाली करून म्हने, "मी बी फडकं कोंबलं होतं. मिस्त्रीनं लय झापलं मले."

हे आयकून मले बरं वाटाले पाह्यजे होतं. पन मले वाटलं, फडकं कोंबून बी मामी याच्याकडे राह्यली!

त्याच झटक्यात मी हात वर केला न पट्टी ओढली. पानी सन्नकन माह्या तोंडावर आलं. पुरतं तापलं नव्हतं म्हनून थोबाड वाचलं. मिशीतून पानी गळून राह्यलं, हातात ट्यूबची पट्टी, आन न्हानीच्या दारात मामी उभी.  मी बाहेर हँडलवरच्या पिशवीकडे पाह्यलं.

साडभावानं गिझराकडे पाह्यलं, पट्टीकडे पाह्यलं, माह्याकडे पाह्यलं. आन कापसाच्या गाडीचं वजन सांगावं तश्या आवाजात म्हने, "हा न्हानीत काऊन टांगला, साडभाऊ? पट्टे लावा, पाठीवर घ्या न वावरात जा. बोंडअळीले बी थंडीत गरम पान्यानं आंग धुवाले भेटीन."

मामीचं पोट हाललं.

मंग पदर तोंडाले गेला. मंग भितीले टेकली. मांगं माही बायको हसून राह्यली, जिले मी इतके वर्स हसवून राह्यलो ती. मामीनं डोये पुसले आन म्हने, "पुरे जवाईबुवा, मरतो मी."

माह्याकडे पाहून नाई म्हने. त्याच्याकडे पाहून म्हने.

पट्टी निंगाल्यावर गिझर भल्या मानसावानी टपकत बसला. पानी तापल्यावर मी बटन बंद केलं, मामीनं आंग धुतलं, बाहेर आली न म्हने, "पिशवी आना." साडभावानंच आनून देली. अर्धा चहा तसाच ठेवून तो गेला. मी जिंकलो.

आता मामी माह्याच घरी हाये. रोज सकायी माह्या न्हानीत, माह्या गिझराच्या पान्यानं आंग धुते. बादलीत पानी पडते, वरून टप, टप आवाज येते, आन आतून मामी हसते. "पाठीवर घ्या म्हने!" मी बाहेर बैलाची गोष्ट घेऊन उभा राह्यतो. कधी कधी वाटते, पट्टी पुन्हा बांधावी. टपटप बंद, हसनं बंद. पन मंग ती तिकडे जाईन न त्याच्याच तोंडून आयकीन.

परवा साडभावाचा फोन आला. मामीनं स्पीकरवर घेतला. "मोठे जवाई, तुमी त लय हसवता बाई. आज दुसरं काही सांगा."

तिकडून काही आवाज नाई. मी म्हनलं, संपला याचा माल.

मंग तो हळूच म्हने, "जमवतो मामी. रविवारी येतो तिकडे."

तवापासून मले झोप नाई. तो मानूस वजनकाट्यावर दिसभर रिकामा बसला राह्यते.